आडनावाचा आजार

माझं आडनाव ढालगावे. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत ते आटपाडीत आणि आमच्या भावकीतच काय ते माहीत होतं.

त्या साली माझी बायको अंजना रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. हजेरी घेताना मुकादम गुंडा तिचं नाव जरा जास्तच गोड आवाजात घेतो, असं मला वाटायचं. वाटायचं कसलं, खात्रीच होती. एक दिवस मी शेजारच्या चिंचेवर चढून बसलो. गुंडानं तिला पाण्याचा तांब्या दिला. नीट दिसावं म्हणून मी पुढं सरकलो, फांदी मोडली आणि दोनशे माणसांसमोर धाडकन खाली आलो. पाय मोडला.

तेव्हापासून कुणी बायकोकडं संशयानं बघितलं की लोक म्हणत, "ह्याला ढालगावी झाली गड्या!" कामावरच्या अथणीकडच्या माणसांनी तो शब्द कानडीत नेला. माझा मेहुणा हंबीरराव फौजेत. त्यानं अंबाल्याहून लिहिलं, "दाजी, हितं पंजाबी जवानबी ढालगावी म्हणत्यात."

मेल्यांना माझंच आडनाव सापडलं! पण एक समाधान होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत अंजना इतकी पाळायची, की ढालगावच्या बाजारालाही "तिकडचा बाजार" म्हणायची. साऱ्या मुलखाच्या तोंडचा तो शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही.

माझा संशय मात्र सुटेना. शहात्तर साली ती म्हणाली, "आवं, डाक्टरला दाखवा. न्हाईतर म्हायारी जाते ती परत येत न्हाई."

सांगलीचा डॉक्टर तरुण निघाला, वर देखणा. मला सोडून तिलाच विचारू लागला. तीही त्याच्याकडं बघून सांगू लागली, "झोपत न्हाईत, जेवत न्हाईत, माझ्या मागं मागं येत्यात." माझ्या अंगाची लाही लाही झाली. आजार माझा आणि गप्पा ह्यांच्या!

"त्यांना नेमकं झालंय काय?" डॉक्टरनं विचारलं.

तोंडाशी धरलेला पदर अंजनानं खाली सोडला आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "ढालगावी."

डॉक्टरनं अर्थसुद्धा विचारला नाही. मान हलवून कागदावर लिहून टाकलं. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून माझं नाव आज निघालं, तेही रोगाचं नाव म्हणून.

"पेशंटचं पूर्ण नाव?"

तिनं पदर पुन्हा तोंडाशी नेला. "तुमीच सांगा."

"केरबा," मी म्हणालो. पुढचं माझ्याही तोंडातून निघेना.