दुसऱ्या पसंतीचा खासदार

मी मॅलकी हेगार्टीचा लोकरी कोट बोलतोय. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या मागावर माझं कापड विणलं, बॅन्ट्रीच्या शिंप्याने मला शिवलं. अठरा वर्षं प्रत्येक प्रचारात पाऊस मी झेलायचा आणि मतं मॅलकीने घ्यायची.

यंदा पक्षाने त्याच्या जोडीला डर्वला टूहीला उभं केलं. गुरांची डॉक्टर, वय एकतीस. आमच्या मतदारसंघातून चार खासदार जातात. मतदार नावांपुढे पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे लिहितो. त्यामुळे एकाच पक्षाचे दोघेही निवडून येऊ शकतात. पण मॅलकीच्या ते पचनी पडेना. खांबावर तिचा फोटो दिसला, की माझ्या खिशात त्याच्या मुठी वळायच्या.

नोरा कॉटर म्हातारीच्या दारात तर कहर झाला. ती म्हणाली, "मॅलकी, आजवर पहिलं मत तुलाच दिलं रे. पण माझी गाय अडली, तेव्हा डर्वला पहाटेपर्यंत चिखलात बसली होती. यंदा एक तिला, दोन तुला."

"तुझा दोन नंबर तुलाच लखलाभ," मॅलकी म्हणाला आणि चहा न घेताच निघाला.

त्यानंतर तो दारोदार सांगत सुटला, "तिला दुसरं मतसुद्धा देऊ नका. एकदा डब्लिनला गेली, की इकडे फिरकायची नाही." मला त्याच्या अंगावर राहायची लाज वाटू लागली.

मतमोजणीत डर्वला पहिल्याच फेरीत निवडून आली. मॅलकी पाचवा, म्हणजे घरी. पण तिला गरजेपेक्षा चार हजार मतं जास्त पडली होती. नियमाप्रमाणे ती जादा मतं दुसऱ्या पसंतीच्या उमेदवारांना वाटली गेली. त्यातली बहुतेक मॅलकीच्या वाट्याला आली आणि तो तरला.

डर्वला हात मिळवायला आली.

"लोकांना काय सांगत होतीस?" त्याने विचारलं.

"एक मला, दोन तुम्हाला."

"आणि मी काय सांगत होतो, ते कानावर आलं नाही?"

"आलं ना. पण जागा दोन मिळण्यासारख्या होत्या. रुसून एक घालवायची का?"

ती भांडली असती, तर मॅलकीला बरं वाटलं असतं.

आता मी डब्लिनला, संसदेतल्या खुंटीवर असतो. शेजारी तिचा रेनकोट असतो. मॅलकी रोज येऊन मला अडकवतो, मग तो रेनकोट बघतो आणि मला उचलून चार खुंट्या पलीकडे टांगतो.

मॅलकी, माझी कोपरं विरली, आता फार दिवस उरले नाहीत. उद्या मला तिथेच राहू दे, आणि आत जाऊन तिच्या शेजारी बस.