कॉलनीतली लाइट

आमच्या गावात लाइट गेली तर कुणी मान वर करून बघत न्हाई. बटण चालू ठेवायचं, कंदील लावायचा आन् आपलं काम करायचं. आली म्हंजी बल्ब पेटतोच की!

हीच सवय घिऊन मी पहिल्यांदा भीमेपल्याडच्या कॉलनीत राहायला गेले. वीज कारखान्यातल्या माणसांसाठी माळावर वसवलेलं नवं गाव ते. सरळ रस्ते, एका रंगाची घरं, आन् लाइट म्हणं कवाच जात न्हाई. माझा सत्यजीत पाबळला मशीनचं काम शिकला आन् तिथं बॉयलरवर लागला. सून अनिता मला फ्रीज दाखवती, गिझर दाखवती. म्हटलं, "पुरं गं बाई, मला भाकरी थापू दे."

दिवस मावळला आन् फटकन लाइट गेली.

"गेली मुडदी! कंदील कुठं हाय गं?"

अनिताचं तोंड पांढरंफटक. तशीच अनवाणी बाहेर पळाली.

"अगं, लाइटच गेलीया, कुणाचा जीव न्हाई गेला!" मी मागनं वराडले.

दारात आले तर समद्या बाया रस्त्यावर. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या कडंवर पोर. समद्यांचं डोळं कारखान्याच्या धुराड्याकडं.

"आत्या," अनिता रडायलाच लागली, "हितं लाइट कारखान्यातनंच येती. ती गेली म्हंजी आत कायतरी झालंय. आन् हे आत हायती."

तेवढ्यात तिकडनं वाफ सुटल्याचा असा आवाज आला, की मीबी अनवाणीच रस्त्यावर उतरले. जळ्ळी माझी जीभ! काय बोलून बसले मी! शेजारची भामाबाई म्हणाली, "शिफ्टची बस येईस्तवर कुणी घरात जायचं न्हाई, हितली रीत हाय." मी अनिताचा हात गच्च धरून उभी राहिले.

बस अंधारातच आली. एकेक गडी उतरला. सत्यजीत सगळ्यात शेवटी, काळाकुट्ट, घामानं निथळलेला.

"आये, तू कशाला बाहेर? मशीन बंद पडलं नुसतं. भाकरी झाली का?"

मी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग गळ्यात पडून रडले.

आता मी गावाकडंच असते. लाइट रोज जाती. आमचं मालक कावत्यात, "कॉलनीला चोवीस तास, आन् आपली हिरीवरची मोटार बंद!" आधी मीबी त्यांच्या वरताण शिव्या घालायचे. आता लाइट गेली की कंदील राहतो बाजूला, मी पहिली मागच्या बांधावर जाते. नदीपल्याड कॉलनीतलं दिवं लखलख करत असत्यात.

"अंधारात काय बघती गं?" मालक इचारत्यात.

"कॉलनीत लाइट हाय," मी म्हणते. "आपली गेली तर जाऊ द्या."

आन् निवांत भाकरी थापाय बसते.