आक्कासाब पिल्लू घेईना

सकाळी खाण्याचं ताट घेऊन पिंजऱ्याकडं आलो आन् बघतोय तर काय, आक्कासाबचं पिल्लू भुईवर पडलंय. पालथं. चूंऽ चूंऽ करालंय. आन् ह्या बाईसाहेब वर फळीवर बसून भलतीकडंच बघालत्यात.

"अगं ए आक्कासाब, डोकं फिरलं का तुझं?" मी तिथनंच वरडलो.

वरडायला नको हुतं. पिंजऱ्याजवळ आवाज करायचा न्हाय, हा नियम मीच सगळ्यांना शिकवतोय. पण माझं तोंड म्हंजे जाळ आन् धूर संगटच. आमची बायको म्हणती, गैबी, तुझ्या तोंडाला एकदा कुलूप घालून किल्ली पंचगंगेत टाकते बघ.

आक्कासाब म्हंजे लेमूर. मांजराएवढं अंग, कोल्ह्यागत तोंड आन् काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांबडी शेपूट. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात मादागास्कर नावाचं बेट हाय, तिथलं हे जनावर. तिथली जंगलं तोडून तोडून ह्यांची जात संपत आलीया. कुण्या हरामखोरानं बॅगेत कोंबून आपल्याकडं आणलं, विमानतळावर घावला, आन् ही जनावरं फिरत फिरत पेठ वडगावच्या म्होरं डोंगराकडंला आमचं बचाव केंद्र हाय तिथं आली. दोन माद्या आन् एक नर. ह्यांच्यात राज्य बायकांचं. नर बिचारा सगळ्यांच्या मागनं खातोय, मधी हात घातला की थोबाडीत बसती. आम्ही त्याला घरजावई म्हणतो. आन् जी थोबाडीत देती ती आक्कासाब.

ह्या फाल्गुनात ती व्याली. आमच्या केंद्रातलं हे पहिलंच लेमूरचं पिल्लू. तवापासनं मला ना जेवण गोड लागलं ना झोप आली. घरी गेलो तरी जीव इथंच. कशिश, माझी पोरगी, म्हणायची, "अब्बा, माझ्या परीक्षेला तुम्ही एवढं घाबरला न्हाईसा."

आन् आता ते भुईवर.

आत जाऊन उचलावं म्हटलं तर उचलता येत न्हाय. पिल्लाला माणसाचा हात लावायचा न्हाय, हा अनुजा मॅडमचा कायदा. मॅडम म्हंजे आमच्या डॉक्टर, राजारामपुरीतनं स्कूटीवर येत्यात. मी फोन लावला. "गैबीमामा, आत जाऊ नका, मी गेटातच आहे," म्हणाल्या.

तोवर आक्कासाब खाली आली. माझ्या जिवात जीव आला. पिल्लाजवळ गेली, वाकली, वास घेतला, आन् चटका बसल्यागत मागं सरली. नाक फळीला घासलं, परत वर. मग ती दुसरी मादी आली. तिनंबी हुंगलं आन् पळाली. घरजावई तर जवळच येईना.

मॅडम आल्या, जाळीला नाक लावून बघत उभ्या राहिल्या.

"काल संध्याकाळी पाजत होती?"

"व्हय की. पोटाला चिकटून हुतं. मी डोळ्यानं बघितलंय."

"मग आज काय झालं? काही बदललंत का? फिनेल? पोती?"

"काय बी न्हाय."

"ही सगळी नाकानं ओळखतात, मामा. काहीतरी वास आहे." मॅडमनी घड्याळ बघितलं. "थोडा वेळ थांबू. पिल्लाचं अंग गार पडायला लागलं की मी उचलणार आणि पेटीत घेणार. दुसरा इलाज नाही."

पेटीत म्हंजे ऊब द्यायच्या काचेच्या पेटीत. मग बाटलीनं दूध. मॅडमनी मला एकदा सांगितलंतं, बाटलीवर वाढलेलं लेमूर ह्यांच्यात परत बसत न्हाय. त्याला ह्यांची भाषा कळत न्हाय, हे त्याला आपलं म्हणत न्हाईत. जन्मभर एकटं. जगलं काय आन् न्हाय काय, सारखंच.

मी फिनेलचा डबा हुंगला. तोच. पाण्याचं टाकं बघितलं, ह्यांची झोपायची पोती बघितली, कालचा पाला उपसला. माझंच शर्ट हुंगलं. जुम्म्याला मी अत्तर लावतोय, पण ड्युटीवर कवाच न्हाय. पिंजऱ्याला एक चक्कर, दोन चकरा. पाय काय एका जागी ठरंनात. आन् ते पिल्लू आपलं चूंऽ चूंऽ. मधीच थांबलं की वाटायचं, गेलं. परत सुरू झालं की वाटायचं, अजून किती वेळ?

खाण्याच्या खोलीत आलो तर शालूबाई रताळं चिरालती. शालूबाई शिरोळकडची, फळं-पाला तीच चिरती आन् आक्कासाबला पहिलं केळ रोज तीच भरवती. आक्कासाब दुसऱ्या कुणाच्या हातचं खात न्हाय. माझ्याबी न्हाय, मी किती लाडीगोडी केली तरी. एवढा आरडाओरडा चाललाय आन् ही बाई खाली मान घालून रताळंच चिरालीया. चिरलेलंच परत चिरालती.

"शालूबाई, कानात बोळं घातल्यात काय? तुमच्या आक्कासाबनं पोरगं टाकलंय तिकडं!"

तिनं विळी सरकवली. पदर तोंडाला लावला.

"गैबीदादा," म्हणाली, "मी तीट लावली."

"काय लावली?"

"तीट. पिल्लाला. सकाळी."

काल केंद्राच्या समितीची माणसं बायकापोरांसंगट आलती. पन्नास फोटो, आन् प्रत्येकाच्या तोंडी, कसलं देखणं, कसलं गोड. बाई सांगालती, तवाच तिच्या काळजात धस्स झालं. पिल्लू सकाळी सुस्तावल्यागत दिसलं. कमरंला काजळाची डबी हुतीच. आक्कासाब डाव्या हातातलं केळ खाईस्तवर हिनं उजव्या करंगळीनं पिल्लाच्या कानामागं टिपका दिला. कुणाला दिसू नये म्हणून कानामागं.

"दृष्ट लागली हुती हो त्याला," ती म्हणाली.

"दृष्ट न्हाय लागली, तुमची करंगळी लागली! नियम म्हाईत न्हाय? एवढं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी! अहो ती आई नाकानं पोर ओळखती, आन् तुम्ही तिच्या पोराला काजळ फासलंसा!"

एवढं बोललो आन् गप झालो. कारण माझी कशिश शाळंत जाईस्तवर तिच्या गालाला तीट हुती. मीच म्हणायचो बायकोला, अगं मोठी लाव, दिसंना झालीया. मग ह्या बाईला काय बोलू? हिनं तरी वाईट चिंतलंतं का त्याचं?

"मॅडमना सांगू नगासा," शालूबाईनं माझा हात धरला. "दुसरीकडं झाडायला लावतील मला. मला ह्या पिंजऱ्यातनं काढू नगासा. ती माझ्याच हातचं खाती हो. काय बी सांगा, पण हे नगं."

कुणाला खोटं वाटंल, पण मी मनात थाप रचली. पोतं धुताना साबण जास्त झाला म्हणून सांगायचं, दोष माझ्यावर घ्यायचा. बाहेर आलो. मॅडम हातात मोजे घालालत्या. आक्कासाब खालवर, खालवर करालती. खाली यायची, हुंगायची, वर पळायची. तिलाबी चैन न्हाय. तिला पोर पाहिजे हुतं, पण ते तिचं वाटंना, मग करणार काय?

"मॅडम," मी म्हटलं, "ते पोतं हाय की न्हाय, ते मी..."

"पोतं न्हाय!" मागनं शालूबाई वरडली. पळतच आलती, चप्पल वाटंत सुटलेली. "पोतं न्हाय मॅडम, काजळ हाय! मी लावलंय. उजव्या कानामागं."

मॅडम वळल्या. चेहरा असा झाला की मीच दोन पावलं मागं सरलो.

"काजळात काय आहे?"

"घरचं हाय. एरंडेल. आन् कापूर."

"कापूर! कातडीतून अंगात भिनला असता तर पिल्लू मेलं असतं, शालूबाई." त्या माझ्याकडं वळल्या. "मामा, कोमट पाणी, कापूस. आणि आक्कासाब झोपते ते पोतं. पळा."

पळालो. ह्या वयात एवढा पळालो न्हवतो. मॅडमनी पिल्लू उचलून बाहेर आणलं. मुठीत मावंल एवढं. कान पुसला, परत पुसला, कापूस काळा येईना झाल्यावर थांबल्या. मग ते पोतं घेऊन त्याला डोक्यापासनं शेपटीपर्यंत चोळलं. पिल्लाचा आवाज बारीक झालता. मी मनातल्या मनात गैबी पिराला नवस बोललो. नाव त्याचंच लावतोय, तर ऐकंल म्हटलं.

मॅडम पिल्लू घेऊन आत गेल्या. आक्कासाब किंचाळली, छताला जाऊन लटकली. मॅडम बाहेर आल्या, मी गेलो. तीच गत. पिल्लाचं अंग माझ्या हातात गार लागालतं.

मी बाहेर आलो तवा मॅडमनी शालूबाईकडं बघितलं. राग गेला न्हवता, पण इलाज न्हवता.

"हात धुवा. पोत्याला चोळा. आणि तुम्ही जा."

शालूबाई पिल्लू घेऊन आत गेली. फळीखाली मांडी घालून बसली, दोन्ही हात ओंजळीगत म्होरं केलं. जागची हलली न्हाय. आम्ही जाळीला चिकटून उभं. आक्कासाब छतावरनं बघालती. मग एक फळी उतरली. थांबली. अजून एक. शालूबाईच्या गुडघ्यापर्यंत आली आन् मान लांब करून ओंजळीत नाक घातलं.

लई वेळ हुंगत हुती. पोट हुंगलं, शेपूट हुंगली, कान हुंगला. कानामागं नाक थांबलं.

मग तिनं जीभ काढली आन् कान चाटला. एकदा चाटला, मग चाटतच राहिली. पिल्लानं हात लांबवून तिच्या पोटाची लोकर धरली, आन् ओंजळीतनं तिच्या अंगावर गेलं. दोन्ही हातांनी, घट्ट. मी जाळीवर डोकं टेकून ढसाढसा रडलो. लाज कसली?

आक्कासाब निघाली. फळीवर एक पाय ठेवला, थांबली, मागं वळली. शालूबाई अजून तशीच बसलेली, डोळ्यातनं पाणी, तोंडावर हसू. आक्कासाबनं हात उचलला आन् तिच्या थोबाडीत अशी दिली की गालावर नखं उठली. घरजावयालाबी कवा तसली बसली न्हवती. मग पिल्लाला घेऊन वर गेली आन् आमच्याकडं पाठ करून बसली.

शालूबाईनं गालाला हातबी लावला न्हाय. उठली, पिंजऱ्याची कडी घातली आन् बाहेर आली.

मॅडम म्हणाल्या, "शालूबाई, उद्यापासून..."

"तुम्ही नगा सांगू, मॅडम," ती म्हणाली. "तिनं सांगितलंय की."