सासऱ्यांचं ग्रिल

लग्नापासून सासरे माझ्याशी त्यांच्या मुलीमार्फतच बोलत. त्यांच्या परसात मांस धुरावर शिजवायला ग्रिल घ्यायचं ठरलं, तेव्हा ती मुद्दाम दुकानाबाहेर गाडीतच बसून राहिली. मग दुकानदार मध्यस्थ झाला.

“यांना विचारा, हे भारीतलं घ्यावं का?” माझ्याकडे बोट दाखवत सासरे त्याला म्हणाले.

“घ्याच,” दुकानदार परस्पर म्हणाला. “जळणाच्या लाकडी गोळ्या आत आपोआप पडतात, आच फोनवर दिसते.”

“माझा फोन बटणांचा आहे.”

“जावयांचा चालेल की! ते स्वतःच्या घरी लोळत बघतील.”

सासऱ्यांचा चेहरा पडला. “राहू द्या,” म्हणत ते दाराकडे वळले.

“तिथून नीट दिसणार नाही, बाबा,” मी ठोकून दिलं. “मला दर रविवारी तुमच्याकडे यावं लागेल.”

ते थबकले आणि प्रथमच थेट माझ्याशी बोलले, “मग जरा लवकर उठायची सवय लावा.”