माशांच्या टाकीचं पाणी

आ-त्वानची सून डेंग्यूने दवाखान्यात पडली, त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येकाचं बोट पी-युनच्या गच्चीकडे होतं. गच्चीवर तिचं छोटंसं पॉलीहाऊस होतं आणि त्यात तिलापिया माशांची टाकी. माशांनी घाण केलेलं पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यांत चढायचं. रताळ्याची पालेभाजी आणि तुळस त्यावर पोसायची, अन् मुळांनी गाळलेलं पाणी पुन्हा माशांकडे उतरायचं. नवऱ्यामागे पी-युनने एवढी एकच गोष्ट उभी केली होती आणि तिचा तिला अभिमान होता. जरा जास्तच होता. या पाण्याच्या गुणांवर तिचं व्याख्यान ऐकलं नाही असं घर गल्लीत उरलं नव्हतं.

"डासाची एक अळी सापडू दे," आ-त्वानने तिला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "टाकीची तोटी मी माझ्या हाताने उघडीन. मग बस माशांना कवटाळून."

दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या होत्या. आ-त्वान बोलते ते करते, हे पी-युनला पक्कं ठाऊक होतं.

आरोग्य खात्याकडून तपासणीला आलेली मुलगी तरुण होती, घामाने भिजलेली. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पांढरं ओगराळं. "मावशी, पंप बंद करा. पाणी हललं की अळ्या तळाला जातात."

पंप थांबला. तैवानमधल्या ताईनानच्या त्या कुंद दुपारी पॉलीहाऊसमध्ये श्वास घ्यायची चोरी झाली होती. मुलीने कडेचं पाणी उपसलं, उजेडात धरलं, परत ओतलं. दुसऱ्या कोपऱ्यातलं घेतलं. वाफ्यातली खडी बाजूला सारली, पानं उलटून पाहिली. दारात आ-त्वान हाताची घडी घालून उभी होती. तिच्या डोळ्यांखाली दवाखान्यातल्या जागरणाची काळी वर्तुळं होती. पी-युनला तिच्याकडे बघवेना.

"काही नाही," मुलगी शेवटी म्हणाली. "इतके मासे असताना अळी टिकायची कशी?"

पी-युनने पंप सुरू केला. जीव भांड्यात पडला तशी तिची जीभही सुटली. "ऐकलंस ना? आता जरा स्वतःच्या घरात बघायला लाव."

मुलगी म्हणाली, "यांच्याच घराची पाळी आहे आता. आधी मागचं अंगण बघते."

जिना उतरता उतरता पी-युनचा पाय अडखळला. तिला बांबू आठवला.

नव्या वर्षाला आ-त्वानने देवघरात ठेवायला लाल फीत बांधलेला बांबू आणला होता. "नळाचं पाणी काय घालतेस त्याला?" असं म्हणत पी-युनने टाकीतलं बाटलीभर पाणी स्वतः नेऊन ओतलं होतं. वर बजावलंही होतं, "हे फेकायचं नाही हं. अन्न आहे ते. कमी झालं की भर घालायची फक्त."

ती दोघींना मागे टाकून आ-त्वानच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली. देवघरात उदबत्ती जळत होती. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांशेजारी बांबू हिरवागार, टवटवीत उभा होता. तिने जाड चिनी मातीचं भांडं उचललं, खिडकीकडे तिरपं केलं.

पाणी वळवळत होतं.

देवघराखालीच बुटकं स्टूल होतं. सून रोज संध्याकाळी त्यावर बसून शेंगा निवडायची.

मोरी चार पावलांवर होती. एकदा ओतलं की संपलं, कुणाला कळलंही नसतं. पी-युनने दोन पावलं टाकलीसुद्धा.

"माझ्या देवघरातलं भांडं घेऊन कुठे चाललीस?"

आ-त्वान मागे उभी होती. पी-युन दचकून वळली आणि पाणी काठावरून सांडलं. खोटं बोलावं असं फार वाटलं तिला. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"हे बघ. पाणी माझं आहे."

आ-त्वानने वाकून पाहिलं. मग स्टुलाकडे पाहिलं. मग पुन्हा पाण्यात.

"मी रोज भर घालत होते," ती हळूच म्हणाली. "एकदाही फेकलं नाही."

"मीच सांगितलं होतं तुला, फेकू नकोस म्हणून."

अंगणातून मुलगी आत आली. तिने दोघींच्या तोंडाकडे बघून काय ते ओळखलं. कुपीत थोडं पाणी भरून घेतलं आणि नोंदीसाठी पेन काढलं. "कुणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या," दोघी म्हणाल्या.

मुलगी थकलेली होती, तिने वाद घातला नाही. "आणि मावशी, हे पाणी अजून कुणाकुणाला दिलंत?"

पी-युनने खिडकीतून गल्लीकडे पाहिलं. "कुणाला नाही दिलं ते विचार, पोरी."

मुलगी धावतच पुढच्या घरी गेली. आ-त्वानने पी-युनच्या हातातून भांडं काढून घेतलं आणि मोरीकडे न जाता ती सरळ बाहेर पडली. समोर पी-युनच्या जिन्यावर तिची पावलं वाजली. पी-युन मागोमाग गेली. आ-त्वानला थांबवायचं तोंड आपल्याला उरलेलं नाही हे तिला कळत होतं.

पॉलीहाऊसमध्ये आ-त्वान टाकीपाशी उभी होती. एका हातात भांडं, दुसरा हात तोटीवर.

"उघड," पी-युन म्हणाली. "मी काही म्हणणार नाही."

मग आ-त्वानने तोटीवरचा हात काढला, बांबू उपसून बाजूला ठेवला आणि भांडं टाकीत पालथं केलं. मासे तळातून उसळून वर आले. पाणी खवळलं आणि निवळलं. एकही अळी उरली नाही.

आ-त्वान त्या निवळलेल्या पाण्याकडे बघत राहिली.

"पाणी दिलंस, तेव्हा सोबत एक मासाही द्यायचा होतास गं."