मी टकलू आणि डाव्या खिशातला फोन

मी एक जुने डोके आहे. दचकलात ना मित्रांनो? घाबरू नका, मी कोणाच्या धडावरून उडालेले नाही. मला धड कधी नव्हतेच. मोबाइल फोन दुकानात येण्याआधी जिथे तपासले जातात, त्या प्रयोगशाळेतले मी फायबरचे डोके. आतून पोकळ. पण एके दिवशी मी जे पाहिले, त्याने माझ्यासारख्या बिनमेंदूच्या डोक्यालाही घेरी आली. अजून ते आठवले की सुन्न व्हायला होते.

माझा जन्म साच्यातला. कान, गाल, जबडा सगळे माणसाच्या मापाचे बेतले, पण केसांचा पत्ता नाही. म्हणून माझे नाव टकलू पडले. मला एका टेबलात कुशीवर पक्के बसवले आणि वरची बाजू उघडी ठेवली. त्या उघड्या बाजूने माझ्यात साखर, मीठ आणि पाणी घोटून केलेला पाक ओतत. फोनच्या लहरी माणसाच्या डोक्यात जशा मुरतात, तशाच साधारण त्या पाकात मुरतात. खालून माझ्या कानाला फोन लावायचा, वरून यंत्राचा हात पाकात सुई बुडवायचा आणि लहरी किती मुरल्या ते मोजायचा. आजवर हजारो फोन माझ्या कानाला लागले. एकाही फोनवर कोणी मला 'कसा आहेस' म्हणून विचारले नाही.

माझे काम बघायच्या त्या मापवाल्या ताई. पाक ढवळण्यापासून फोनचा कोन जुळवण्यापर्यंत सगळे त्या स्वतः करत. स्वभाव प्रेमळ, पण नियमांच्या बाबतीत अगदी खाष्ट. आमच्या खोलीच्या भिंती बाहेरची एकही लहर आत येऊ देत नाहीत. त्यामुळे आत शिरताना प्रत्येकाने आपला फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा, हा पहिला नियम. एकदा खुद्द मोठे साहेब फोन घेऊन आत आले, तर ताईंनी त्यांनाही दारातूनच मागे पाठवले. एखादा फोन मापात बसला नाही, तर कंपनीचे लोक कितीही गोड बोलोत, ताई ढिम्म हलत नसत. "टकलू खोटं बोलत नाही," एवढेच त्या म्हणत, आणि माझी छाती फुगायची. म्हणजे असती तर फुगली असती.

त्या दिवसांत मात्र ताईंचे चित्त थाऱ्यावर नव्हते. त्यांच्या वडिलांच्या छातीत, डाव्या बाजूला कातडीखाली, हृदयाचे ठोके सांभाळणारे छोटे यंत्र बसवलेले होते. दोन वर्षे ते छान चालले आणि मग अचानक त्यांना चक्कर येऊ लागली. घरात येई, जिन्यात येई, फिरायला गेले की येई. दवाखान्यात यंत्र पुन्हा पुन्हा तपासले. तिथे सारे ठीक दिसे. घरी आले की पुन्हा तेच. शेवटी डॉक्टर म्हणाले की छाती पुन्हा उघडून यंत्राच्या तारा बदलून बघू. वडील थकलेले होते, पुन्हा कापाकापी झेपेल की नाही याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. हे सारे ताई पाक ढवळता ढवळता शेजारच्या सहकाऱ्याला सांगायच्या आणि मला ऐकू यायचे.

ऑपरेशनच्या आधी वडिलांना एकच हौस होती, लेक कुठे काम करते ते बघायची. ताई त्यांना हात धरून घेऊन आल्या. मला बघून ते मनापासून हसले. "हा तर माझ्यासारखाच टकला की," म्हणाले. ताईंनी त्यांना खुर्चीवर बसवले, दार लावले आणि काम सुरू केले. जगाला फोन बाहेर ठेवायला लावणाऱ्या ताई स्वतःच्या वडिलांना सांगायला मात्र विसरल्या.

थोड्याच वेळात आकडे सैरभैर झाले. माझ्या कानाशी एक फोन, पण त्या फोनला साद घालणाऱ्या आमच्या यंत्राला दोन फोन उत्तर देत होते. ताईंनी सुई थांबवली आणि आत कोणाकडे फोन आहे का, असे विचारले. वडिलांनी शर्टाच्या डाव्या खिशातून ओशाळून फोन काढला आणि ठेवायला म्हणून माझ्या टेबलाच्या लोखंडी कडेशी नेला. कडेला लागताच फोनचे झाकण टक् करून लोखंडाला चिकटले.

ताई त्या झाकणाकडे बघतच राहिल्या. फोन त्यांनीच तर घेऊन दिला होता, आणि तो हातातून पडतो म्हणून पुस्तकासारखे मिटणारे हे झाकणही, चक्कर सुरू होण्याच्या थोडे आधी. त्यात चुंबक होते. आणि छातीतले ते यंत्र चुंबक जवळ आले की आपली नेहमीची चाल सोडते, हे ताईंना चांगले ठाऊक होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, हा रोज इथंच ठेवता?"

"मग कुठं ठेवू? तुझा फोन आला की कळायला नको?"

"आणि दवाखान्यात?"

"तिथं आत जाताना तूच घेतेस की माझ्याकडून."

ताईंनी तो फोन कडेवरून सोडवून वडिलांपासून लांब ठेवला. छातीवर लेकीने दिलेले चुंबक, तपासणीच्या वेळी तेच लेकीच्या पर्समध्ये, आणि परतताना पुन्हा छातीवर.

"मला विचारायचं तरी होतंत," ताई कशाबशा म्हणाल्या.

वडील गोंधळून गेले. "त्यात काय विचारायचं, बाळा? तू सगळ्या जगाचे फोन तपासतेस. मला दिलास तो तपासूनच दिला असशील ना."

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मी पाकाने भरलेले डोके, मला रडता येत नाही. त्या दिवशी यावे असे फार वाटले.

ताईंनी सगळे सांगताच डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवले आणि ते झाकण काढून फोन छातीपासून दूर ठेवायला सांगितले. चक्कर थांबली. पुढे तारा बदलाव्या लागल्याच नाहीत. वडील पुन्हा फिरायला जाऊ लागले, हेही मी पाक ढवळतानाच ऐकले.

आता माझ्या कानापाशी तडा गेला आहे आणि माझ्या जागी नवे डोके आले आहे. मी कपाटावर धूळ खात असतो. त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख याचे आहे की फोन माझ्या कानाला कसा लागतो हे जगाने इतक्या बारकाईने मोजले, पण तो घरी कोणाच्या कुठल्या खिशात राहतो हे बघायला कोणीच गेले नाही. फोनच्या खोक्यात एक छोटी पुस्तिका असते. बारीक अक्षरातली, कोणी न उघडलेली; अंगातल्या अशा यंत्रापासून फोन किती लांब ठेवायचा ते तिच्यात लिहिलेले असते. ती घरातल्या थोरामोठ्यांजवळ बसून एकदा मोठ्याने वाचा. त्यांच्या अंगात कुठले यंत्र असेल तर डॉक्टरांना फोनही दाखवा, झाकणासकट. मित्रांनो, परक्याने दिलेली वस्तू माणूस दहादा उलटसुलट करून बघतो. तुम्ही दिलेली मात्र घरातली थोर माणसे तशीच काळजाशी ठेवतात.