वरचा कप्पा

"ताई, पान अकरा बघा," शिपाईकाका हळूच म्हणाले आणि उगाच खिडकी पुसायला लागले.

ताईंनी चष्मा चढवला. सरांचं गुलामगिरीवरचं जाडजूड पुस्तक आजच दप्तरखान्यात आलं होतं. आभाराच्या पानावर कायदेवाले, इतिहासवाले, वैद्यकवाले, झाडून सगळे पंडित पदव्यांसकट हजर. तळाशी एक ओळ: 'कार्डे लिहिणाऱ्या एका महिला कर्मचाऱ्याचीही मदत झाली.'

एका महिला कर्मचाऱ्याची! बावीस वर्षं कसरीने खाल्लेले कागद वाचून डोळ्यांची वाट लावली ती कुणी? गुलामांच्या विक्रीच्या त्या कागदांत मालकाचं नाव सात पिढ्यांसह असायचं, मेल्या घोड्याचंसुद्धा असायचं. विकलेल्या माणसाचं काय? 'बाई एक, वय तीस, धडधाकट.' ताई अशा प्रत्येकाचं कार्ड करायच्या. नावाची ओळ मात्र कोरी ठेवायच्या. 'निनावी' लिहायला त्यांचा हात धजायचा नाही. "आईनं काहीतरी हाक मारलीच असेल की हो," म्हणायच्या. मग कधी एखाद्या खटल्यात, कधी दवाखान्याच्या वहीत नाव सापडलं, की ते शाईने लिहायचं आणि कार्ड वरच्या कप्प्यात. असे एकशे चौदा जण सापडले होते. सरांचं पुस्तक त्यांच्यावरच तर उभं होतं.

दुपारी सर आले, पेढ्यासारखं गोड हसत.

"सर, माझं नाव तुमच्या शेजारी छापू म्हणाला होतात."

"अहो ताई, प्रकाशकाचे नियम असतात. तुम्ही तर घरच्याच! आणि तुम्ही काय नावासाठी काम केलंत?"

"नावांसाठीच केलं, सर."

सरांना ते ऐकूच गेलं नाही. "दुसऱ्या खंडाची कार्डं महिनाअखेर द्याल ना?" म्हणत ते निघालेसुद्धा.

केसाने गळा कापला मेल्याने. ताईंना रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा रागही आला. त्यांनी एक कोरं कार्ड ओढलं. 'बाई एक, वय सत्तावन्न, धडधाकट. बावीस वर्षं कामाला.' नावाच्या ओळीपाशी हात जरा थबकला. मग शाईचं पेन उघडून त्यांनी आपलं पूर्ण नाव ठसठशीत लिहिलं, फुंकर घालून वाळवलं आणि कार्ड वरच्या कप्प्यात शेवटी लावलं.

"काय झालं, ताई?" काकांनी विचारलं.

"काही नाही, काका. आणखी एक सापडली."